कॅन्डिडा अल्बिकन्स या रोगकारक किण्वातील रूपबदल : वाढीच्या परिस्थितीची भूमिका

गोषवारा :

कॅन्डिडा अल्बिकन्स हे किण्व निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात व जननमार्गात उपद्रव न करता राहते. परंतु प्रतिकारशक्ती खालावली असता तेच जीवघेण्या संसर्गाचे कारण ठरते. गोलसर किण्वपेशी, आभासी कवकतंतू व खरा कवकतंतू अशी रूपे ते परिस्थितीनुसार धारण करते. तापमान, सामू, पोषकद्रव्ये, कार्बन डायऑक्साइड, प्राणवायू, पेशींची दाटी आणि पृष्ठभागाचा स्पर्श या घटकांचा या रूपबदलावर होणारा परिणाम, त्यामागील पेशीय यंत्रणा आणि रोगाशी असलेला संबंध यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. रूप हा केवळ जातीचा गुणधर्म नसून जाती व परिस्थिती यांच्या संयोगाचा परिणाम आहे. म्हणून वाढीच्या परिस्थितीची नोंद नसलेले निरीक्षण अपुरे ठरते, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : किण्व, कवकतंतू, द्विरूपता, सामू, अंकुरनलिका, जैवपटल.

१. प्रस्तावना

कवकसृष्टीत लक्षावधी जाती असल्या तरी माणसाला रोग जडविणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. त्यांत कॅन्डिडा अल्बिकन्सचे स्थान वरचे आहे. लहान मुलांच्या जिभेवर येणारा पांढरा थर, मधुमेही व्यक्तींच्या त्वचेच्या घड्यांत होणारा दाह, स्त्रियांमधील योनिमार्गाचा संसर्ग हे त्याचे परिचित आजार होत. कर्करोगावरील औषधोपचार घेणारे, अवयवरोपण झालेले किंवा अतिदक्षता विभागात शिरेतील नलिकेच्या आधाराने असलेले रुग्ण यांच्या रक्तात हे किण्व शिरले, तर मूत्रपिंड, यकृत, डोळे अशा अवयवांपर्यंत ते पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये रोगकारक कवकांची अग्रक्रम यादी प्रथमच प्रसिद्ध केली, तेव्हा सर्वाधिक निकडीच्या गटातील चार जातींमध्ये कॅन्डिडा अल्बिकन्सचा समावेश केला.

या जीवाचे लक्षवेधी वैशिष्ट्य म्हणजे त्याची बहुरूपता. एकाच पेशीपासून वाढलेला समूह एका नळीत गोल पेशींचा राहतो, तर दुसऱ्या नळीत काही तासांतच लांब तंतूंचे जाळे विणतो. दोन्ही नळ्यांतील जनुके तीच असतात. बदललेली असते ती फक्त वाढीची परिस्थिती. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापकांना हा विषय प्रयोगशाळेतून परिचित असतो. अन्य विद्याशाखांच्या अभ्यासकांनाही जीव आणि परिसर यांच्या नात्याचे उदाहरण म्हणून तो उद्बोधक ठरावा.

२. रूपांची ओळख

किण्वरूपात पेशी गोल किंवा अंडाकृती असते. तिच्या एका टोकाशी मुकुल येतो, तो वाढतो, मातृपेशी व मुकुल यांमध्ये पटल तयार होते आणि दोन्ही पेशी विलग होतात. आभासी कवकतंतूत मुकुल लांबट होतो, परंतु विभाजनानंतर मातृपेशीला चिकटूनच राहतो. त्यामुळे पेशींची माळ तयार होते आणि प्रत्येक जोडावर स्पष्ट आकुंचन दिसते. खऱ्या कवकतंतूत पेशीतून प्रथम एक बारीक अंकुरनलिका निघते. तिच्या भिंती आरंभापासून समांतर असतात, उगमापाशी आकुंचन नसते आणि पहिले पटल मातृपेशीच्या मानेशी न पडता नलिकेच्या आत पडते. आभासी तंतू आणि खरा तंतू यांतील हा भेद सूक्ष्मदर्शकाखाली नवख्याच्या नजरेतून सहज निसटतो. पुढे निदानाच्या संदर्भात तो महत्त्वाचा ठरतो.

यांखेरीज आणखी दोन रूपांचा उल्लेख आवश्यक आहे. मक्याच्या पिठाच्या आगर माध्यमावर, २५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि काचपट्टीखाली प्राणवायू कमी असताना तंतूंच्या टोकाशी जाड भिंतीचे गोल क्लॅमिडोबीजाणू तयार होतात. तसेच १९८७ मध्ये 'श्वेत' आणि 'अपारदर्शी' अशा दोन प्रकारच्या पेशींमधील अदलाबदलीचे वर्णन प्रसिद्ध झाले. अपारदर्शी पेशी लांबट असतात, २५ अंशांना टिकतात आणि नेहमीच्या माध्यमावर ३७ अंशांना ठेवल्यास श्वेत रूपाकडे परततात. परंतु माध्यमात एन-ॲसिटिल ग्लुकोसॅमिन ही शर्करा असेल आणि हवेत कार्बन डायऑक्साइड वाढविलेला असेल, तर ३७ अंशांनाही अपारदर्शी रूप टिकू शकते. एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकावर अवलंबून असतो, हे या उदाहरणातूनच दिसून येते.

रूपबदल हा केवळ बाह्य आकाराचा बदल नाही. कवकतंतूच्या पेशीभित्तिकेत कायटिनचे प्रमाण किण्वपेशीपेक्षा सुमारे तिपटीने अधिक असते. तिच्या पृष्ठभागावर एएलएस-३ आणि एचडब्ल्यूपी-१ यांसारखी चिकटून राहण्यास साहाय्य करणारी प्रथिने येतात. तंतूच्या अग्रभागी पुटिकांचा पुंजका तयार होऊन वाढ त्या एकाच टोकाशी एकवटते. म्हणजेच रूप बदलते तेव्हा पेशीचे कार्यही बदलते.

३. वाढीच्या परिस्थितीतील निर्णायक घटक

३.१ तापमान : प्रयोगशाळेतील नेहमीच्या पोषक द्रवमाध्यमात २५ ते ३० अंशांना हे किण्व मुकुलनाने वाढते. तंतू निर्माण होण्यास बहुतेक संकेतांना ३५ अंशांहून अधिक, साधारणतः ३७ अंशांची जोड लागते. यामागील एक कारण २००९ मध्ये स्पष्ट झाले. एचएसपी-९० हे प्रथिन इतर प्रथिनांची घडण सांभाळते आणि सामान्य तापमानाला तंतुनिर्मितीच्या संकेतमार्गावर दाब ठेवते. तापमान वाढले की पेशीतील बिघडलेल्या प्रथिनांकडे त्याचे लक्ष वेधले जाते आणि हा दाब सैल होतो. औषधाने एचएसपी-९० निष्क्रिय केल्यास ३० अंशांनाही तंतुरूप वाढ दिसते. तापमान हा येथे प्रत्यक्ष आदेश नसून अटकाव दूर करणारा घटक आहे, असे म्हणता येईल.

३.२ सामू : १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वाढ थांबलेल्या पेशी ताज्या माध्यमात घालून ३७ अंशांना ठेवण्यात आल्या. सामू ४.५ असता त्यांना मुकुल आले, तर सामू ६.७ असता तंतू फुटले. माध्यम तेच, तापमान तेच. फरक आम्लतेचा होता. उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी सामूची जाणीव आरआयएम-१०१ या नियामक प्रथिनाच्या मार्गाने होते.

याहून लक्षणीय बाब अशी की, हे किण्व सामूला केवळ प्रतिसाद देत नाही, तर सामू बदलूही शकते. ग्लुकोज नसताना ते अमिनो आम्लांवर गुजराण करते आणि अमोनिया बाहेर टाकते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अशा स्थितीत माध्यमाचा सामू ४ वरून ७ च्या पुढे जाण्यास १२ तासांहूनही कमी अवधी लागतो आणि त्याबरोबर तंतूही निर्माण होतात. परिस्थिती जीवाला घडविते, तसा जीवही आपल्याला अनुकूल परिस्थिती घडवीत असतो.

३.३ पोषकद्रव्ये : मुबलक ग्लुकोज असलेल्या माध्यमात मुकुलनाकडे कल राहतो, पोषण तुटपुंजे झाले की तंतूंकडे वळण लागते. नत्राची टंचाई झाली असता अमोनियम आत घेणारे एमईपी-२ हे प्रथिन संकेतदात्याचेही काम करते. प्रोलीनसारखी अमिनो आम्ले तंतुनिर्मितीला चालना देतात. १९७५ मध्ये ली व सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांवर आधारित जे कृत्रिम माध्यम तयार केले, त्यात २५ अंशांना किण्वरूप व ३७ अंशांना तंतुरूप मिळते. म्हणून ते या विषयातील प्रमाण माध्यम ठरले. मॅनिटॉल शर्करेवर आधारलेले 'स्पायडर' माध्यमही घन पृष्ठभागावरील तंतूंच्या अभ्यासासाठी वापरले जाते.

एन-ॲसिटिल ग्लुकोसॅमिन ही शर्करा विशेष उल्लेखनीय आहे. ती श्लेष्मातील प्रथिनांत, यजमानाच्या पेशींच्या आवरणात तसेच जीवाणूंच्या पेशीभित्तिकेत असते. १९७४ मध्ये तिच्यामुळे अंकुरनलिका निर्माण होतात हे दाखविले गेले. नवी दिल्ली येथील जवाहरलाल नेहरू विद्यापीठात डॉ. आशिस दत्ता यांच्या प्रयोगशाळेने या शर्करेच्या विघटनमार्गावर दीर्घकाळ संशोधन केले. या मार्गातील जनुके निष्क्रिय केली असता रूपबदलात फरक पडतो आणि किण्वाची रोगकारकता घटते, असे त्यांच्या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केले.

३.४ सीरम : रक्ताच्या सीरममध्ये ३७ अंशांना दोन ते तीन तासांत अंकुरनलिका फुटतात, हे १९५० च्या दशकापासून ज्ञात आहे. तथापि सीरममधील नेमका कोणता पदार्थ हे घडवितो, याचा शोध दीर्घकाळ चालला. जीवाणूंच्या पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकनचे तुकडे सीरममध्ये असतात आणि ते किण्वपेशीतील ॲडेनायलिल सायक्लेज या विकराला थेट बांधले जाऊन त्यास उद्दीपित करतात, असे २००८ मध्ये दाखविण्यात आले. आतड्यात जीवाणू व किण्व एकत्र राहतात, हे लक्षात घेता या शोधाला वेगळेच महत्त्व येते.

३.५ कार्बन डायऑक्साइड व प्राणवायू : बाहेरील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के, तर शरीराच्या ऊतींत सुमारे ५ टक्के असते. शंभर पटींहून मोठा हा फरक किण्वाला आपण शरीराबाहेर आहोत की आत, याची खूण देतो. पेशीत शिरलेल्या वायूचे बायकार्बोनेट होते आणि ते ॲडेनायलिल सायक्लेजला चालना देते, असे २००५ मध्ये स्पष्ट झाले. प्राणवायूची कमतरता हाही स्वतंत्र संकेत आहे; त्यात नेहमीच्या नियामकांची भूमिका बदलते, याचा विचार पुढे केला आहे.

३.६ पेशींची दाटी : एका मिलिलिटरमध्ये सुमारे दहा लाखांहून अधिक पेशी असल्यास तंतूंना अनुकूल माध्यमातही त्या मुकुलनच करीत राहतात, विरळ केल्यास तंतू फुटतात. या निरीक्षणाचे रासायनिक कारण २००१ मध्ये उलगडले. पेशी स्वतःच फार्नेसॉल नावाचा पदार्थ बाहेर सोडतात. दाटी वाढली की त्याचे प्रमाण वाढते आणि तंतुनिर्मिती रोखली जाते. खऱ्या केंद्रक असलेल्या जीवांत गणसंख्येची जाणीव करून देणाऱ्या रेणूचे हे पहिल्या उदाहरणांपैकी एक होय.

३.७ पृष्ठभाग व स्पर्श : आगरच्या पृष्ठभागावर न पसरता पेशी आगरच्या आत रुतविल्या, तर २५ अंशांसारख्या कमी तापमानालाही तंतू वाढतात. म्हणजे द्रवमाध्यमात अनिवार्य वाटणारी तापमानाची अट येथे शिथिल होते. ऊतीत शिरणाऱ्या पेशीभोवती असाच दाट, सर्व बाजूंनी स्पर्श करणारा परिसर असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

४. संकेतांचे एकत्रीकरण

इतके विविध घटक एकाच निष्पत्तीला कसे पोहोचतात, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर संकेतमार्गांच्या रचनेत आहे. सीरम, कार्बन डायऑक्साइड, तापमान यांसारखे अनेक संकेत ॲडेनायलिल सायक्लेजपाशी एकत्र येतात. या विकरामुळे चक्रीय एएमपीचे प्रमाण वाढते, त्यातून प्रोटीन कायनेज-ए कार्यान्वित होते आणि ईएफजी-१ या नियामकामार्फत तंतूंशी निगडित जनुके व्यक्त होतात. उपासमारीचा संकेत दुसऱ्या मार्गाने सीपीएच-१ या नियामकापर्यंत पोहोचतो; सामूचा संकेत आरआयएम-१०१ मार्गाने येतो. याच्या विरुद्ध बाजूस एनआरजी-१ व टीयूपी-१ ही प्रथिने तंतूंच्या जनुकांना दडपून ठेवतात. तंतू निर्माण होण्यासाठी चालना मिळणे आणि दडपण उठणे या दोन्ही गोष्टी घडाव्या लागतात.

ही रचना एखाद्या दिव्याच्या बटणासारखी नाही. तराजूच्या पारड्यांत अनेक वजने पडावीत आणि काटा त्यांच्या बेरजेनुसार झुकावा, तसे येथे होते. मात्र एका बाबतीत तराजूची उपमाही अपुरी पडते : काही वजने परिस्थितीनुसार आपले पारडे बदलतात. ईएफजी-१ हे सीरममध्ये तंतूंना चालना देते, परंतु आगरमध्ये रुतलेल्या किंवा प्राणवायू कमी असलेल्या, कमी तापमानाच्या स्थितीत तेच तंतूंना विरोध करते. म्हणून 'ईएफजी-१ हे तंतुनिर्मितीचे जनुक आहे' हे विधान परिस्थितीचा निर्देश केल्याशिवाय पूर्ण होत नाही.

५. शरीरातील परिस्थिती आणि रोग

मानवी शरीर म्हणजे एकच एक संवर्धन माध्यम नव्हे. रक्ताचा सामू सुमारे ७.४ असतो, निरोगी योनिमार्गाचा ४ ते ४.५ असतो, जठरात तीव्र आम्लता असते. किण्वाला या प्रत्येक ठिकाणी स्वतःला जुळवून घ्यावे लागते. याचे सर्वांत बोलके उदाहरण पीएचआर-१ व पीएचआर-२ या जनुकांचे आहे. दोन्ही जनुके पेशीभित्तिका बांधणाऱ्या सारख्याच प्रकारच्या प्रथिनांची आहेत; पहिले सामू ५.५ च्या वर व्यक्त होते, दुसरे आम्ल परिसरात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पीएचआर-१ नसलेले किण्व उंदरांच्या रक्तमार्गी संसर्गात निष्प्रभ ठरले, परंतु आम्लधर्मी योनिमार्गात त्याने संसर्ग केला. पीएचआर-२ नसलेल्या किण्वाच्या बाबतीत नेमके उलट घडले. रोगकारकता ही जीवाणू वा कवकाच्या अंगी असलेली अचल शक्ती नसून ठिकाणागणिक बदलणारी क्षमता आहे, हे या प्रयोगाने ठळकपणे दाखविले.

तंतुरूप रोगात काय साधते, हेही आता बऱ्याच अंशी ज्ञात आहे. तंतू श्लेष्मल त्वचेच्या पेशींना चिकटतात, त्यांत घुसतात आणि ईसीई-१ या जनुकापासून बनणारे कॅन्डिडालायसिन हे विष सोडून त्या पेशींचे पटल भेदतात. २०१६ मध्ये वर्णिले गेलेले हे विष मानवी रोगकारक कवकात सापडलेले पेशीभेदक पेप्टाइड म्हणून महत्त्वाचे ठरले. महाभक्षी पेशीने गिळलेले किण्व तिच्या आत तंतू काढते आणि तिला फोडून बाहेर पडते. १९९७ मध्ये ईएफजी-१ व सीपीएच-१ ही दोन्ही जनुके नष्ट केलेला प्रकार महाभक्षी पेशीतून सुटू शकला नाही आणि उंदरांमध्ये रोगही निर्माण करू शकला नाही.

यावरून तंतू म्हणजे रोग आणि किण्वपेशी म्हणजे निरुपद्रवी सहवास, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. पुढील संशोधनाने त्याला तीन महत्त्वाच्या मर्यादा घातल्या.

पहिली मर्यादा १९९९ च्या प्रयोगातून आली. प्रयोगशाळेत तंतू न काढणारा हाच दुहेरी उत्परिवर्तित प्रकार जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या डुकराच्या पिलांच्या जिभेवर मात्र तंतूंसह आक्रमण करताना आढळला. नळीत 'तंतुहीन' ठरलेला जीव ऊतीत तंतुहीन नव्हता. प्रयोगशाळेतील परिस्थितींची यादी ही शरीरातील परिस्थितींची यादी नव्हे, हा या निरीक्षणाचा बोध आहे.

दुसरी मर्यादा २००३ मधील प्रयोगाची. त्यात एनआरजी-१ हे दडपण आणणारे जनुक औषधाच्या साहाय्याने हवे तेव्हा बंद करता येईल, अशी योजना करण्यात आली होती. पिण्याच्या पाण्यातून डॉक्सिसायक्लिन दिल्यास ते जनुक बंद होई व तंतू वाढत. न दिल्यास पेशी किण्वरूपातच राहत. किण्वरूपातील पेशीही रक्तातून अवयवांपर्यंत पोहोचल्या आणि तेथे त्यांची संख्याही तुल्य राहिली, परंतु उंदीर जगले. तंतू निर्माण होऊ दिले तेव्हा उंदीर मरण पावले. प्रसारासाठी किण्वरूप उपयोगी, ऊतीच्या नाशासाठी तंतुरूप आवश्यक, अशी श्रमविभागणी यातून स्पष्ट झाली. शिरेतील नलिकेवर वाढणाऱ्या जैवपटलातही अशीच विभागणी आढळते : तंतू पटलाला बळकटी देतात, आणि त्यापासून सुटून रक्तात जाणाऱ्या पेशी प्रामुख्याने किण्वरूपातील असतात.

तिसरी मर्यादा व्यापक सर्वेक्षणातून पुढे आली. २०१० मध्ये ६७४ जनुकांच्या उत्परिवर्तित प्रकारांची एकत्र तपासणी झाली. काही प्रकार प्रयोगशाळेत तंतू काढण्यास असमर्थ असूनही संसर्ग करीत होते, तर काही तंतू उत्तम काढूनही संसर्गात मागे पडले. रूपबदल हा रोगकारकतेचा महत्त्वाचा घटक आहे, एकमेव नाही.

सहभोजी जीवनाच्या संदर्भात तर चित्र उलटही होऊ शकते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रतिजैविके देऊन जीवाणूंची स्पर्धा कमी केलेल्या उंदरांच्या आतड्यात किण्व पिढ्यान्‌पिढ्या वाढू दिले. तेथे तंतू काढण्याची क्षमता गमावलेले प्रकार वारंवार वरचढ ठरले आणि ते कमी रोगकारक होते. निरोगी जीवाणुसृष्टी असलेल्या आतड्यात मात्र तसे घडले नाही. अर्थात तंतू काढण्याची क्षमता या जीवात टिकून राहण्यामागे आतड्यातील शेजाऱ्यांचाही वाटा असावा, असे अनुमान यातून निघते.

६. अन्य रोगकारक किण्वांशी तुलना

कॅन्डिडा अल्बिकन्समध्ये शरीराचे तापमान तंतूंना अनुकूल ठरते. हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम, ब्लास्टोमायसिस, स्पोरोथ्रिक्स आणि ईशान्य भारतात, विशेषतः मणिपूरमध्ये, आढळणारे टॅलॅरोमायसिस मार्नेफाय यांच्यात नेमके उलट घडते. ही कवके मातीत किंवा सडणाऱ्या वनस्पतींवर २५ अंशांच्या आसपास तंतुरूपात वाढतात आणि शरीरात ३७ अंशांना किण्वरूप धारण करतात. हिस्टोप्लाझ्मा व ब्लास्टोमायसिसमध्ये डीआरके-१ हे कायनेज निष्क्रिय केले असता ३७ अंशांनाही किण्वरूप येत नाही आणि रोगकारकता लोपते, असे २००६ मध्ये आढळले. तापमानाचा संकेत तोच, पण त्याचा अर्थ प्रत्येक जाती आपल्या जीवनक्रमानुसार लावते.

२००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातील नमुन्यावरून वर्णिलेले कॅन्डिडा ऑरिस हे याचे आणखी एक उदाहरण. ३७ अंशांना ते किण्वरूपातच वाढते. सस्तन प्राण्याच्या शरीरातून गेलेल्या काही पेशी मात्र २५ अंशांहून कमी तापमानाला तंतू काढू शकतात, असे २०१८ मध्ये दाखविले गेले. तंतू सहज न काढणारे हे किण्व रुग्णालयांत गंभीर साथी निर्माण करते. तेव्हा तंतूंच्या अभावाला निरुपद्रवीपणाची हमी मानता येत नाही.

महाराष्ट्रातील संशोधनाचा उल्लेख येथे समयोचित ठरेल. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बेंजामिनिएला पॉयट्रासी या रोगकारक नसलेल्या द्विरूपी कवकाचा अभ्यास आदर्श नमुना म्हणून झाला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ग्लुटामेट डिहायड्रोजनेज या विकराच्या दोन प्रकारांचे परस्पर प्रमाण आणि कवकाचे रूप यांचा संबंध दाखविला गेला. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही वनस्पतिजन्य रेणूंचा कॅन्डिडा अल्बिकन्सच्या रूपबदलावर व जैवपटलावर होणारा परिणाम अभ्यासला गेला आहे.

७. निदान, उपचार व अध्यापनातील उपयोग

अंकुरनलिका चाचणी ही कॅन्डिडा अल्बिकन्सच्या प्राथमिक ओळखीची सोपी व स्वस्त चाचणी आहे. थोड्या सीरममध्ये वसाहतीचा अल्प अंश मिसळून ३७ अंशांना दोन ते तीन तास ठेवावा व सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, इतकीच तिची रीत. परंतु वर वर्णिलेला प्रत्येक घटक तिच्या निकालात उतरतो. वसाहतीचा अंश जास्त घेतला तर दाटीमुळे अंकुरनलिका फुटत नाहीत आणि चाचणी चुकीने नकारात्मक येते. तापमान ३७ अंशांपेक्षा बरेच खाली राहिले तरी तेच होते. वेळ तीन तासांहून लांबविली, तर कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिससारख्या जातींचे आभासी तंतू अंकुरनलिका म्हणून मोजले जाण्याचा धोका असतो. अशा वेळी उगमापाशी आकुंचन आहे किंवा नाही, हे पाहणे निर्णायक ठरते. कॅन्डिडा डब्लिनिएन्सिस ही निकटची जातीही अंकुरनलिका काढते, त्यामुळे सकारात्मक निकाल हा पुढील तपासणीचा पर्याय होऊ शकत नाही. जातीची ओळख चुकली तर औषधाची निवड चुकू शकते. रक्तमार्गी संसर्ग झालेल्या रुग्णाच्या बाबतीत या चुकीचे मोल मोठे असते.

उपचाराच्या दृष्टीनेही परिस्थितीचा विचार अपरिहार्य आहे. कवकांच्या पेशी मानवी पेशींशी रचनेने बऱ्याच मिळत्याजुळत्या असल्याने गंभीर संसर्गावर उपयुक्त असलेले औषधगट मोजकेच आहेत. त्यांत ॲझोल, पॉलीन व एकायनोकॅन्डिन हे प्रमुख होत. औषधसंवेदनशीलतेच्या प्रमाण चाचणीत माध्यम, सामू, तापमान व पेशींचे प्रमाण काटेकोरपणे ठरवून दिलेले असते, ते याच कारणास्तव. चाचणीतील सुट्या पेशी ज्या मात्रेला बळी पडतात, त्या मात्रेला जैवपटलातील पेशी दाद देत नाहीत. किण्वाला न मारता केवळ त्याचा रूपबदल रोखणारी औषधे शोधण्याचा विचार आकर्षक आहे, कारण त्यामुळे औषधरोधी प्रकारांची निवड मंदावेल अशी अपेक्षा असते. मात्र किण्वरूप प्रसारास समर्थ असते आणि एका परिस्थितीत रूपबदल रोखणारा रेणू दुसऱ्या परिस्थितीत निष्फळ ठरू शकतो, हे वरील विवेचनावरून दिसते. असा रेणू एकाच माध्यमात तपासून निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हा विषय अल्प साधनांत शिकविता येतो. एकच संवर्धन, दोन तापमाने, दोन सामू आणि दोन दाट्या अशी आठ नळ्यांची मांडणी केली, तर घटकांचा स्वतंत्र व संयुक्त परिणाम विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येतो. संख्याशास्त्राच्या विभागाला यात घटकरचित प्रयोगाचे तयार उदाहरण मिळते. हे किण्व रोगकारक असल्याने हाताळणी प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी, रोगाची लागण होण्याचा धोका अधिक असलेल्या व्यक्तींना त्यापासून दूर ठेवावे आणि वापरलेली सामग्री निर्जंतुक करूनच टाकावी.

८. समारोप

कॅन्डिडा अल्बिकन्सचे रूप तापमान, सामू, पोषण, वायू, दाटी व स्पर्श या सर्व घटकांच्या एकत्रित परिणामातून ठरते. यांपैकी कोणताही घटक एकटा पुरेसा नाही, आणि एकाच नियामकाची भूमिका परिस्थितीनुसार उलटूही शकते. तंतुरूप ऊतीच्या नाशाला कारणीभूत होते, किण्वरूप प्रसाराला साहाय्य करते. रूप बदलण्याची क्षमता हीच या जीवाची खरी शक्ती आहे. यावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. रूपाविषयीच्या प्रत्येक नोंदीत माध्यम, तापमान, सामू, पेशींचे प्रमाण व अवधी यांचा निर्देश असावा. एखाद्या जनुकाची किंवा औषधाची परिणामकारकता एकाहून अधिक परिस्थितींत तपासली जावी. प्रयोगशाळेतील निष्कर्ष शरीराला लागू करताना त्या अवयवातील परिस्थिती लक्षात घेतली जावी. प्रात्यक्षिकाच्या वहीत विद्यार्थ्याने 'अंकुरनलिका आढळल्या नाहीत' असे लिहिले, तर त्याला 'कोणत्या परिस्थितीत?' हा प्रश्न विचारला जाणे, ही या विषयाच्या अध्यापनाची पहिली पायरी होय.